खिडकीबाहेर बघणारी सून

सिस्टरने सुई काढली, कापूस दाबला आणि नेहमीची टेप लावली.

"आजी, आता तासभर गप्प पडायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. स्कॅन झाला की भरपूर पाणी प्यायचं. आणि या सुईतल्या औषधाची किरणं अंगात असतात, तेव्हा सहा तास लहान बाळांना—"

"आमच्या घरात सगळ्यात लहान बोका आहे," आजी म्हणाली. "तो तसाही माझ्याजवळ येत नाही. एकदा तिकीट मागितलं होतं त्याला."

सिस्टर हसतच बाहेर गेली. घड्याळात दहा वाजले होते.

आजी पस्तीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस होती. एकदा म्हणे तिने एका बोकडाला डब्यातून उतरवलं होतं आणि बोकडाने जाताना माफी मागितली होती. फुकट्या माणूस तिला मानेवरून कळायचा. तो खिडकीबाहेर बघतो, बाहेर बघण्यासारखं काही नसलं तरी.

दोन वर्षांपूर्वी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला, पण अगदी पहिल्या पायरीवरचा. डॉक्टर म्हणाले, औषध नको, दर सहा महिन्यांनी स्कॅन करून नजर ठेवू.

"म्हणजे गुन्ह्याआधीच पोलीस मागे लावायचा," आजी म्हणाली होती.

हा पाचवा स्कॅन. मागच्या वेळी मणक्यात एक बारीक डाग दिसला होता. आणखी एक दिसला, तर मात्र औषधं सुरू.

दर वेळी स्कॅन उरकून बाहेर आलं की सून दारातच गळ्यात पडायची. आज ती कॉरिडॉरच्या पार टोकाला उभी होती. खिडकीबाहेर बघत. बाहेर पाण्याच्या टाकीखेरीज काही नव्हतं.

"आई, तुम्ही मायलेक गाडीने पुढे व्हा," ती तिथूनच ओरडली. "मी रिपोर्ट घेऊन बसने येते."

आजीने तिची मान निरखली. डॉक्टरांनी हिला काहीतरी सांगितलंय.

एरवी स्कॅनच्या दिवशी नखं कुरतडणारा मुलगा गाडीत चक्क शीळ घालत होता. कसली ही सोंगं!

अडीचला सून आली. उंबऱ्यातच थांबली. डोळे लाल.

"आई, डाग आहे तेवढाच आहे. दुसरा नाही. औषध नको म्हणाले."

"मग रडलीस कशाला?"

"आनंदाने."

"अस्सं? मग ये की इकडे."

सुनेने फाइल स्टुलावर ठेवली, पायाने ते स्टूल आजीकडे ढकललं आणि पुन्हा दाराशी गेली. घड्याळ बघितलं. मग खिडकीबाहेर बघायला लागली.

आजीने फाइल उघडली. सगळं डॉक्टरी गिचमिड. तिने ती मिटली.

"अगं, मी हजारो खोटारडे पकडलेत," ती हळूच म्हणाली. "किती डाग आहेत, सांगून टाक. घाबरणार नाही मी."

"शपथ, एकच आहे!"

"मग लांब का उभी? मी काय चावते?"

सून नुसती हसली. डोळे पुन्हा भरले. "थोडं थांबा ना, आई."

आजी थांबली. इतका सावकाश काटा तिने जन्मात पाहिला नव्हता, लेट गाड्यांच्या स्टेशनातही नाही. मनातल्या मनात तिने दागिने वाटून टाकले, बोका शेजारणीला देऊन टाकला.

चार वाजले.

सून धावतच आली आणि आजीच्या गळ्यात अशी पडली की खुर्ची मागे सरकली. "झाले एकदाचे सहा तास!"

"कसले सहा तास?"

सुनेने तिचा हात धरला, स्वतःच्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, "तुमची नजर खरी, आई. विनातिकीट एक जण आहेच, पण पाच वर्षांखालच्यांना माफ असतं ना?"