चार घरांच्या खुणा

नाताळ आठवड्यावर आला की गल्लीतल्या चारही घरांची अंजीर भरलेली बिस्किटं सारोच्या भट्टीत एकदमच भाजायला जात. अदलाबदल नको म्हणून प्रत्येक घर आपल्या बिस्किटांवर सुरीने वेगळ्या चिरा पाडी. यंदा अग्रिपीना एकटीच ट्रे घेऊन आली.

“मावशी, दोन घरं जर्मनीला गेली, नुन्झियामावशी उन्हाळ्यात वारल्या. आता खुणा कशाला?” सारो हसत ट्रेवर वाकला आणि थबकला. “अहो, इथे तर चारही घरांच्या खुणा आहेत!”

“मग? इतकी वर्षं भाजतोस, ओळखता येत नाहीत?” अग्रिपीनाने ट्रे पुढे सरकवला. “तिरप्या चिरांची नुन्झियाची. ती कडेला ठेव. करपली, तर बोलायची नाही ती माझ्याशी.”