तेरावा वाफा

"बाराव्याच्या पुढं नंबर पुकारू नको, बाय," मिठागरातली नीराबाई मला म्हणाली होती. "कोनी ओ दिली त?"

"कोण देणार? खेकडे?" मी हसले होते. शिकलेली ना मी!

उरणच्या मिठागरात आमचे वाफे बारा. यजमान आजारी पडले म्हणून मोजणी माझ्याकडे आली. दर सोमवारी मी बांधावरून नंबर पुकारायची. त्या वाफ्यातला गडी काचेच्या नळीवर पाण्याचा खारेपणा बघून आकडा ओरडायचा. छापील तक्त्यात मात्र पंधरा रकाने होते. एका सोमवारी दुपारी माझी लेक गोदू कडेवर रडत होती आणि भरात माझ्या तोंडून गेलं, "तेरा!"

बाराव्या वाफ्यापुढं नुसती खाडी. तिकडून ओ आली, "अठरा."

मी तो आकडा लिहिलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गोदूचं वजन केलं. अठरा रत्तल.

पुढच्या सोमवारी मी बारावर थांबले. तरी आवाज आला, "सतरा." दवाखान्यातला काटाही सतरावरच थांबला. "दूध तर नीट पितेय की हो पोरगी!" नर्सबाई म्हणाल्या.

मग मी जादा रकाने कात्रीनं कापून टाकले. पहिल्याच दिवशी कापले असते तर! तिसऱ्या सोमवारी सोळा ऐकू आलं.

आज पंधरा. आणि थोडं थांबून, कुणी न पुकारताच, त्याच आवाजानं आणखी एक आकडा दिला, "एकवीस."

माझ्या घरात मूल एकच आहे. तुमच्याकडं एकवीस रत्तलांचं लेकरू असेल, तर आजच त्याला काट्यावर घालून बघा.