मागून न्यायचं इंजिन

बन्सीधरने इंजिनाच्या चाकाला हात घालून ते अर्धा फेरा फिरवलं, कान लावून आतला आवाज ऐकला आणि म्हणाला, “माल मजबूत हाय, दिनकरराव. बोला, काय घेताव? रास्त भाव देतो.”

दिनकरराव लगेच भाव बोलणाऱ्यातले नव्हते. विहिरीवर विजेची मोटार बसून आठवडा झाला होता आणि आठवडाभर ते भेटेल त्याला मोटारीचा नि डिझेल इंजिनाचा हिशोब समजावून सांगत होते. आज सोनपेठचा जुन्या इंजिनांचा व्यापारी आपल्या पायानं मळ्यात आला होता. त्याला ते असे कसे सोडतील?

“बगा,” काठीनं मातीत रेघ ओढत ते म्हणाले, “इंजिनाला डिझेल, आईल, वरून हँडल मारायला तगडा गडी. डिझेल आणायला सोनपेठची खेप येगळीच. मोटारीला काय? बटण दाबलं की पाणी. बिल हॉर्सपॉवरवर ठरलेलं. चालवा न्हाईतर बंद ठेवा.”

“आन लाइट गेल्यावर?”

“येती की माघारी. मोटार जळली तर वायंडिंगचा खर्च, त्यो बी धरलाय मी. तरी दोन-तीन सालात मोटारीचे पैसे निघतेत.”

हिशोब चोख होता. बन्सीधरनेही मान डोलावली. कुणी अशी मान डोलावली की दिनकररावांना जेवल्यासारखं वाटे.

तेवढ्यात धुरपताबाई चहा घेऊन आल्या. चहा त्यांनी पुढे ठेवला, पण माघारी वळल्या नाहीत. पदर सावरून इंजिनाजवळच उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या व्यवहारात चारचौघांसमोर तोंड घालायची त्यांची रीत नव्हती.

“आवं, हे इकू नका,” त्या म्हणाल्या.

“का?”

“चांगुणाच्या घरी लागतंय.”

खरंच होतं ते. लेक गोदाकाठच्या गावात दिली होती. उन्हाळा लागला की तिचा सासरा किशनराव भुईमुगाला नदीचं पाणी उचलण्यासाठी हेच इंजिन बैलगाडी धाडून मागून नेई आणि मिरगाआधी परत धाडी. एवढ्या मोठ्या हिशोबात तेवढं राहूनच गेलं होतं. पण दिनकरराव अडून बसणारे नव्हते. त्यांनी थोडा विचार केला, चेहरा खुलला, आणि बायकोला ते जरा बाजूला लिंबाखाली घेऊन गेले.

“मग इकतच न्हाई,” ते म्हणाले. “लेकीलाच देऊन टाकू, कायमचं. आपल्याला मोटार झालीच. किशनरावाला बी दरसाल मागायची लाज नको. झालं समाधान?”

आपल्या मनाच्या मोठेपणावर ते स्वतःच खूश झाले होते. धुरपताबाईंच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं.

“मग ती कशाला यील?”

“म्हंजी?”

“पंचमीला धाडत न्हाईत, दिवाळीला धाडत न्हाईत. लग्नातला मानपान अजून धरून बसलेत. इंजिन मागायचं आसलं की मातर सुनंला गाडीत बसवून धाडतेत. गडी धाडला आन तुमी न्हाई म्हणलाव तर? लेकीला कोन बाप न्हाई म्हणतो? न्यायला येती, परत आणायला येती. तेवढीच घावती मला माजी लेक.”

गाडी यायची ते दिवस दिनकररावांना आठवले. चांगुणा उतरायची, पाया पडायची, आणि ते ‘बरी हायेस का’ म्हणून इंजिनाकडे वळायचे. बोल्ट जागेवर आहेत का, व्याह्यानं काही मोडून तर धाडलं नाही, टाकीत डिझेल किती ठेवलं. लेक घरात असायची आणि हे पाना घेऊन मळ्यात. तिच्या तोंडाकडे नीट कधी पाहिलं होतं, तेही आठवेना.

“आधी का न्हाई बोललीस?”

“तुमचा हिशोब चालला होता,” धुरपताबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

ते इंजिनापाशी परत आले. बन्सीधर चहा संपवून भावाच्या बोलीसाठी सरसावून बसला होता.

“इकायचं न्हाई,” दिनकरराव म्हणाले.

“आं? गंजून जाईल की! मोटार आसताना हे कशाला ठेवताव?”

“ऱ्हाऊ द्या.”

“मग व्याह्यालाच देऊन टाका. मी परवा किशनरावाच्या गावालाच चाललोय, सांगतो त्यांला. चार लोकांत नाव निघंल तुमचं.”

हा सांगणार म्हणजे आठवडी बाजारभर सांगणार, हे दिनकररावांना ठाऊक होतं. हिशोबाला ते कडक होते, पण चिक्कू म्हणून आजवर कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. त्याचा त्यांना अभिमानही होता. लिंबाखाली अजून उभ्या असलेल्या बायकोकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि आवाज चढवला.

“फुकट द्यायला इंजिन काय रस्त्यावर पडलंय? ज्याला पायजे त्यानं दरसाल यावं, मागावं, न्यावं आन आणून टाकावं. गड्याच्या हाती तर बिलकूल देणार न्हाई. घरचं माणूस आलं तरच.”

बन्सीधर बघतच राहिला. “सख्ख्या लेकीच्या घरासंगं आसं? लोक काय म्हणतील, दिनकरराव?”

“म्हणू द्या. किशनरावाला मी म्हणलो तसंच सांगा,” दिनकरराव म्हणाले. “एक शब्द कमी करू नका.”