उपेक्षितांत चौथा

पितळी पाटीवरचा पडदा बाजूला झाला आणि विल्मा ट्रेसलरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

'१९७४. नऊ विजय, पाच पराभव. मुख्य प्रशिक्षक : बक हॅनराहन.' खाली इरी स्टीलहेड्स संघाचं चिन्ह, उसळी मारणारा मासा. बाकी काही नाही. दालनात टाळ्यांचा कडकडाट झाला. विल्माचा नवरा ऑर्व्हिलही टाळ्या वाजवत होता.

"तू कशाला वाजवतोयस?" ती दातओठ खात म्हणाली.

"सगळे वाजवताहेत," ऑर्व्हिल म्हणाला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा हा माणूस आयुष्यभर असाच. कुणी पायावर पाय दिला तर हाच माफी मागायचा.

त्या हंगामात पहिले तीन सामने हरून हॅनराहन पाठीच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात गेला, तो नाताळातच बाहेर आला. उरलेले अकराच्या अकरा सामने त्याचा सहायक असलेल्या ऑर्व्हिलनं खेळवले, आणि त्यातले नऊ जिंकले. पण हॅनराहनची नेमणूक कागदावर तशीच राहिली, आणि या धंद्यात सामना जिंकतो तो कागदावरचा प्रशिक्षक. ऑर्व्हिलच्या नावापुढे आजही शून्य विजय, शून्य पराभव. बर्फात उभं राहून घसा एकानं फोडला, आणि आयत्या पिठावर रेघोट्या दुसऱ्यानं ओढल्या.

एवढ्यावरही विल्मा पन्नास वर्षं गप्प बसली होती. पण गेल्या महिन्यात एका वर्तमानपत्रानं यादी छापली : 'व्यावसायिक फुटबॉलमधले दहा उपेक्षित महान प्रशिक्षक'. त्यात हॅनराहन चौथा. का, तर हरत चाललेला संघ त्यानं एकाच हंगामात उभा केला. ती यादी वाचून क्लबला उमाळा आला, आणि ही पाटी, हे जेवण, टेबलांवर फुलदाण्यांऐवजी अमेरिकन फुटबॉलचे हे लांबुळके चेंडू.

"उपेक्षित म्हणे," विल्मा म्हणाली. "ज्याची उपेक्षा झाली तो इथे थंडगार कोंबडी चिवडतोय."

"कोंबडी बरी आहे," ऑर्व्हिल म्हणाला.

तिनं हात वर करून ब्रायसनला बोलावलं. ब्रायसन म्हणजे कार्यक्रमाची सगळी व्यवस्था पाहणारा क्लबचा तिशीतला अधिकारी, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर इस्त्री केलेलं हसू.

"बाळा, त्या पाटीवर एक नाव राहिलंय."

"नाही मॅडम, आम्ही लीगच्या नोंदींवरूनच मजकूर केलाय. मिस्टर ट्रेसलर सहायक होते. त्यांचं नाव पुस्तिकेत आहे की, शेवटच्या पानावर. आभारात."

विल्मानं पुस्तिका उघडली. संघाचा बसचालक आणि संघाचे कपडे धुणारी बाई यांच्या मधोमध ऑर्व्हिल ट्रेसलर.

"एडी फार चांगली बस चालवायचा," ऑर्व्हिल कौतुकानं म्हणाला.

शेजारच्या टेबलावर चेट ग्राबोव्स्कीनं काटा खाली ठेवला. चौऱ्याहत्तरच्या संघात तो मधल्या फळीत खेळायचा. आता त्याचे दोन्ही गुडघे धातूचे होते. त्याच्या कानात एकच शब्द अडकला होता : मिस्टर. या गावात किराणा दुकानदारापासून पाद्र्यापर्यंत कुणीही ऑर्व्हिलला कधी मिस्टर म्हटलं नव्हतं. सगळ्यांचा तो कोच.

विल्मा उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला.

"मग ते नऊ सामने हॅनराहननं कुठून जिंकले? पलंगावर उताणा पडून? त्या पाचांतले पहिले तीन पराभव तेवढे त्याचे स्वतःचे. ते लिहा की त्याच्या नावावर, माझी अजिबात ना नाही."

ब्रायसनच्या हसण्याची इस्त्री मोडली. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, कृपया. कॅमेरे चालू आहेत."

"चालू असू देत. मी काय चोरी केलीय?"

तेव्हा ऑर्व्हिल उठला. टेबलावर दोन्ही हात रोवून, सावकाश. "विल्मा, बस," तो म्हणाला. सगळे आपल्याकडेच पाहताहेत हे त्याच्या लक्षात आलं आणि तो अवघडला. त्यानं घसा खाकरला. "पोरांनो," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला सुचेना.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चेटनं टेबलाची कड धरली, तोंड वेडंवाकडं केलं आणि एक गुडघा गालिच्यावर टेकला. त्याच्यामागे आणखी एका खेळाडूनं. मग खिडकीजवळचे तिघे. पाहता पाहता त्या संघातले हयात असलेले सगळे, पंचाहत्तरीच्या पुढचे ते अगडबंब म्हातारे, कण्हत, काठ्या आवळत, एकेका गुडघ्यावर खाली आले. ऑर्व्हिलकडे तोंड करून.

ब्रायसन पांढराफटक पडला. हल्ली या खेळात गुडघा टेकला की तो निषेध ठरतो, आणि मग आठवडाभर त्याचीच बातमी चालते. तो चेटपाशी धावला.

"सर, उठा. जे काही असेल ते आपण बसून बोलू. आज निषेध नको."

"निषेध?" चेट म्हणाला. "कोच बोलायला उभे राहिले की गुडघा टेकून ऐकायचं असतं. क्लबात नोकरी करतोस आणि एवढंही माहीत नाही तुला?"

ब्रायसन गोंधळून पाटीकडे पाहू लागला. "पण कोच तर केव्हाच वारले ना?"

"तुमचे वारले असतील," चेट म्हणाला. "आमचे उभे आहेत. तू खाली हो."