पांढरे ठिपके

जीपच्या टपावर तंबू आणि बाजूला सावलीचं छत बसवून मिस्त्रींनी गिऱ्हाइकाला निरोप दिला. नट आवळला की त्यावर पांढरा ठिपका, ही त्यांची शिस्त. जीप निघताना त्यांनी आठही ठिपके पाहिले होते. ग्रीस लागल्या हातांनी चहा ओतताना लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही फोनवर होतात, म्हणून शेवटचे पाच ठिपके मीच लावले..." मिस्त्री ताडकन उठले. पाच नट त्यांनी आवळलेच नव्हते! गाडीत तान्हं बाळ, समोर घाट. पुढचं न ऐकताच पाना घेऊन त्यांनी स्कूटर पिटाळली. गिऱ्हाईक फोन उचलेना. दर वळणाला वाटे, रस्त्यात तंबू पडलेला दिसणार. जीप पेट्रोल पंपावर सापडली. मिस्त्रींनी पाना लावला. नट हलेना. पाचही गच्च. फोन वाजला. "बाबा, आवळल्याशिवाय ठिपका लावेन का मी? चहा गार होतोय."