कथलाच्या पाटल्या

वोल्फ्सबुर्गला मुलाकडे आलेल्या कांताबाईंना मुलाचे जर्मन साहेब मोठ्या हौसेने संग्रहालय दाखवायला घेऊन गेले. काचेमागे ब्राँझच्या जाडजूड पाटल्या मांडल्या होत्या, दलदलीतून खणून काढलेल्या. साहेब सांगत होते आणि अश्वजित आईला मराठीत समजावत होता.

"फार जुन्या काळी इथल्या बायकांनी या पाटल्या देवाला वाहिल्या म्हणे."

कांताबाईंना हसू आलं. "देवाला कशाला? माझी आजी महाडला बाबासाहेबांचं भाषण ऐकून आली आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या पाटल्या उतरवून तिने डबक्यात फेकल्या. त्या बघूनच लोक आमची जात ओळखायचे. इथेही बायांना कुणीतरी शहाणं केलं असेल. सांग तुझ्या साहेबांना."

अश्वजित जरा घुटमळला. मग जर्मनमध्ये बरंच काही बोलला. साहेब "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, अशी मान डोलावत पुढे आले आणि त्यांनी कांताबाईंचा हात आदराने दोन्ही हातांत धरला.

"काय म्हणतात रे?"

"म्हणतात, तुमचं घराणं फार थोर दिसतं."

कांताबाईंचा ऊर भरून आला. "आजीने पाटल्या फेकल्या म्हणून?"

"नाही," अश्वजित काचेकडे बघत म्हणाला, "सोन्याच्या पाटल्या देवीला वाहिल्या म्हणून."