चौथ्या मजल्याचं पाणी

अजिंठ्याजवळच्या गावात विहिरीवरून हंडे वाहण्यात साळूबाईंचा सारा जन्म गेला. "माय, आता शहरात चल, माझ्याकडं गारखेड्याला. तिथं पाण्यासाठी एक पाऊल टाकावं लागायचं नाय," असं म्हणत सुदर्शननं त्यांना आपल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं.

सोसायटीचे चेअरमन श्रीनिवासराव म्हणजे लई हुशार माणूस. त्यांनी पार्किंगमध्ये अशा फरश्या बसवल्या होत्या, की त्यांच्यावर चाललं की वीज तयार व्हायची आणि त्या विजेवर पाण्याची मोटर चालायची. आज आठ दिवसांनी नळ आला, खालचा हौद भरला आणि घरटी एक माणूस फरश्यांवर गोल गोल चालू लागला. मोटर मात्र नुसतीच कण्हत होती.

श्रीनिवासरावांनी शिट्टी फुंकली. "वजन कमी पडतंय! सगळ्यांनी हौदातून एकेक हंडा भरून घ्या आणि डोक्यावर घेऊन चाला!"

साळूबाईंनी पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि तीवर भरलेला हंडा चढवला. दुसऱ्या फेरीला त्यांच्या मनात आलं, गावाकडं असते तर हा हंडा एव्हाना घरी पोचला असता. तिसऱ्या फेरीला त्या फरश्या सोडून गुपचूप जिन्याकडं वळल्या.

पाच पायऱ्या चढल्या असतील-नसतील, तोच मागून शिट्टी वाजली. घामाघूम झालेले श्रीनिवासराव कळवळून ओरडत होते,

"अहो मावशी, हंडा घेऊन वर कुठं निघालात? मग पाणी वर कसं चढायचं?"